जॉनी ब्राइट

जॉन डी ब्राइट ऊर्फ जॉनी ब्राइट (जन्म : ११ जून, १९३०, फोर्ट वेन, इंडियाना, मृत्यू : १४ डिसेंबर, १९८३, एडमंटन, आल्बर्टा) हे अमेरिकेत जन्मलेले व पुढे कॅनडात स्थायिक झालेले आफ्रिकन-अमेरिकन फुटबॉलपटू, प्रशिक्षक आणि शिक्षक होते. आयोवा राज्यातील ड्रेक विद्यापीठाकडून ते १९४९ ते १९५१ या काळात अमेरिकन फुटबॉल खेळले. त्यांतील पहिल्या दोन हंगामांत एकूण चढाईच्या अंतरात ते देशात पहिल्या क्रमांकावर होते आणि तिसऱ्या हंगामातही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचे हे स्थान कायम होते. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथील सामन्यात त्यांच्यावर हेतुपुरस्सर हल्ला होऊन त्यांचा जबडा मोडला. या प्रसंगाची छायाचित्रे देशभर गाजली, त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या नियमांत बदल झाले. हा प्रसंग अमेरिकी क्रीडा इतिहासात जॉनी ब्राइट घटना या नावाने ओळखला जातो.

त्यानंतर ब्राइट यांनी अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल नाकारून कॅनडाची वाट धरली. तेथे तेरा हंगाम खेळून ते निवृत्त झाले, तेव्हा कॅनडातील फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर धावण्याचा विक्रम त्यांच्या नावावर होता. उर्वरित आयुष्य त्यांनी एडमंटनच्या शाळांमध्ये शिक्षक व मुख्याध्यापक म्हणून व्यतीत केले.

जन्म आणि बालपण

ब्राइट यांचा जन्म इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या औद्योगिक शहरात झाला. पाच भावांमध्ये ते दुसरे होते. आई, सावत्र वडील आणि भाऊ यांच्यासह ते कामगारवस्तीत वाढले. या वस्तीत प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची घरे होती. शहरातील सेंट्रल हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. शाळेत असताना ते फुटबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी स्पर्धा या तिन्ही प्रकारांत चमकले. १९४५ साली त्यांच्या शाळेने शहराचे फुटबॉल विजेतेपद पटकावले. बास्केटबॉलमध्येही शाळेचा संघ दोनदा राज्य स्पर्धेतील अखेरच्या चार संघांत पोहोचला. १९४७ साली ते शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले.

प्रारंभी त्यांनी मिशिगन स्टेट या मोठ्या संस्थेची फुटबॉल शिष्यवृत्ती स्वीकारली होती. मात्र तेथील फुटबॉल कार्यक्रमाची दिशा त्यांना पटली नाही आणि त्यांनी आयोवाची राजधानी दे मॉईन येथील ड्रेक विद्यापीठात प्रवेश घेतला. ड्रेकने त्यांना शिष्यवृत्ती दिली ती धावपटू म्हणून. तिच्यामुळे त्यांना फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांसाठीही प्रयत्न करण्याची मुभा मिळाली. पुढे तिन्ही खेळांत त्यांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले.

युद्धोत्तर काळातील महाविद्यालयीन फुटबॉल

ब्राइट ड्रेकमध्ये दाखल झाले तो काळ अमेरिकी खेळांच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांमुळे महाविद्यालये भरली होती. १९४६ साली केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांच्या रूपाने व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्ये अनेक वर्षांनी कृष्णवर्णीय खेळाडू परतले होते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडली, तर १९४८ साली राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सैन्यदलांतील वंशविभेद संपवण्याचा आदेश काढला. मात्र दक्षिणेकडील राज्यांत शाळा, महाविद्यालये, उपाहारगृहे आणि निवासाच्या जागा यांमध्ये गोऱ्या व काळ्या लोकांना कायद्याने अथवा रूढीने वेगळे ठेवले जात होते. तेथील अनेक महाविद्यालये कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळण्यासही तयार नसत.

ड्रेक हे १८८१ साली स्थापन झालेले खाजगी विद्यापीठ होते. मोठ्या राज्य विद्यापीठांच्या तुलनेत त्याचा पसारा लहान होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ते मिसूरी व्हॅली कॉन्फरन्स या आंतरविद्यापीठीय क्रीडा मंडळाचे सदस्य होते. या मंडळात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन्ही प्रकारच्या संस्था एकत्र होत्या. इलिनॉयमधील ब्रॅडली विद्यापीठ आणि ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालय ही त्याची दोन उदाहरणे होत. ओक्लाहोमा ए अँड एमने १९४९ साली नॅन्सी रँडॉल्फ डेव्हिस यांच्या रूपाने पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला प्रवेश दिला होता. एकाच मंडळाचे सदस्य असल्यामुळे या संस्थांना एकमेकांच्या मैदानावर जाऊन सामने खेळावे लागत.

ड्रेक विद्यापीठातील कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू हातात धरून धावणे आणि तो पुढच्या सहकाऱ्याकडे फेकणे हे पुढे सरकण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एका खेळाडूने या दोन्ही मार्गांनी मिळवलेल्या अंतराची बेरीज म्हणजे त्याची एकूण चढाई होय. ब्राइट यांचे वैशिष्ट्य असे की, ते धावण्यात आणि चेंडू फेकण्यात सारखेच निपुण होते.

तत्कालीन प्रथेनुसार पहिले वर्ष मुख्य संघाबाहेर काढल्यावर १९४९ साली त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली. त्या हंगामात त्यांनी धावून ९७५ आणि फेकींद्वारे ९७५ यार्ड मिळवले. एकूण १,९५० यार्डांसह ते देशात पहिले आले. ड्रेकने त्या वर्षी सहा सामने जिंकले, दोन गमावले आणि एक बरोबरीत सुटला. १९५० साली ब्राइट यांनी धावून १,२३२ आणि फेकींद्वारे १,१६८ अशी एकूण २,४०० यार्डांची चढाई केली. हा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता.

१९४९ साली ड्रेकचा संघ स्टिलवॉटर येथील लुईस फील्डवर खेळला, तेव्हा त्या मैदानावर उतरणारे ब्राइट हे पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरले. तो सामना कोणत्याही अनुचित प्रकाराविना पार पडला होता.

१९५१चा हंगाम

१९५१च्या हंगामास प्रारंभ झाला तेव्हा ब्राइट यांचे अखेरचे वर्ष होते. देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या संभाव्य मानकऱ्यांत त्यांचे नाव घेतले जात होते. तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हा करंडक मिळालेला नव्हता. तो मान पुढे १९६१ साली सिराक्यूज विद्यापीठाच्या अर्नी डेव्हिस यांना मिळाला.

वॉरन गेअर यांच्या मार्गदर्शनाखाली ड्रेकने पहिले पाचही सामने जिंकले. या पाच सामन्यांत ब्राइट यांनी धावून ८२१ यार्ड मिळवले होते. त्यांची एकूण चढाई १,३४९ यार्ड होती आणि दोन्ही प्रकारांत ते देशात आघाडीवर होते. सहावा सामना स्टिलवॉटरला ओक्लाहोमा ए अँड एमविरुद्ध होता. लहान खाजगी विद्यापीठाचा अपराजित संघ आणि त्याचा कृष्णवर्णीय आघाडीचा खेळाडू यांच्यामुळे या सामन्याकडे अनेकांचे लक्ष लागले होते.

सामन्यापूर्वीच ब्राइट यांना लक्ष्य केले जाणार असल्याची चर्चा सुरू झाली. महाविद्यालयाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात आणि गावातील दैनिकात तसे उल्लेख आले. सामना संपेपर्यंत ब्राइट मैदानावर टिकणार नाहीत, असे काही विद्यार्थी उघडपणे बोलत होते. ही कुजबुज दे मॉईनहून आलेल्या पत्रकारांच्याही कानांवर गेली.

स्टिलवॉटर येथील सामना

शनिवार, २० ऑक्टोबर १९५१ रोजी सामना सुरू झाला. पहिल्या सात मिनिटांतच ब्राइट तीन वेळा बेशुद्ध होऊन मैदानावर कोसळले. तिन्ही वेळा प्रहार करणारा खेळाडू एकच होता. तो म्हणजे ओक्लाहोमा ए अँड एमचा बचावपटू विल्बँक्स स्मिथ. यांपैकी एका चढाईत ब्राइट यांनी चेंडू फुलबॅक जीन मॅकोम्बर यांच्याकडे सोपवला होता. चेंडू घेऊन मॅकोम्बर पुढे निघून गेले आणि खेळ दूर सरकला. ब्राइट मागे जवळजवळ स्तब्ध उभे असताना स्मिथने धावत येऊन हात आणि कोपर त्यांच्या चेहऱ्यावर हाणले. त्या काळी शिरस्त्राणाला चेहऱ्यापुढे जाळी नसे. ब्राइट यांचा जबडा मोडला.

अशा अवस्थेतही ते मैदानात उभे राहिले. काही डावांनंतर त्यांनी जिम पिल्किंग्टन यांच्याकडे ६१ यार्डांची फेक केली आणि तिच्यावर ड्रेकला टचडाउन मिळाले. त्यानंतर मात्र वेदना असह्य झाल्याने त्यांना खेळ सोडावा लागला. त्या दिवशी त्यांची एकूण चढाई ७५ यार्डांवर थांबली. ड्रेककडून खेळताना शंभर यार्डांच्या आत राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. ओक्लाहोमा ए अँड एमने सामना २७-१४ असा जिंकला आणि ड्रेकची विजयमालिका खंडित झाली.

छायाचित्रांचा पुरावा

दे मॉईन रजिस्टर या दैनिकाचे छायाचित्रकार डॉन अल्टँग आणि जॉन रॉबिन्सन सामन्याला उपस्थित होते. ब्राइट यांच्याविषयीची कुजबुज ऐकल्यामुळे त्यांनी आरंभापासूनच आपले कॅमेरे ब्राइट यांच्यावर रोखून ठेवले होते. रविवारच्या अंकात छायाचित्रे छापायची असल्याने ते दोघे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंतच थांबणार होते. हल्ला पहिल्या काही मिनिटांतच झाला आणि त्यामुळेच तो कॅमेऱ्यात टिपला गेला.

दुसऱ्या दिवशी दैनिकात सहा छायाचित्रांची मालिका प्रसिद्ध झाली. चेंडू ब्राइट यांच्या हातून केव्हा गेला, तो कोणत्या दिशेने नेला गेला, स्मिथ कोणाच्या रोखाने निघाला आणि प्रहार कोठे झाला, हे सारे तिच्यातून क्रमाने दिसत होते. चेंडूचा पाठलाग करताना अनवधानाने धक्का लागला, असे म्हणण्यास तिने जागाच ठेवली नाही. फुटबॉलमध्ये सर्वांची नजर चेंडूवर असते आणि चेंडूपासून दूर घडणारी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. येथे मात्र कॅमेरा चेंडूऐवजी माणसावर रोखलेला होता. पुढे लाइफ या साप्ताहिकानेही ही छायाचित्रे छापली आणि प्रकरण देशभर पोहोचले. १९५२ साली अल्टँग आणि रॉबिन्सन यांना छायाचित्रणाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

हल्ल्यामागे वर्णद्वेष असल्याचा आरोप स्मिथने पुढील आयुष्यात सातत्याने नाकारला. ब्राइट यांचे मत याच्या नेमके उलट होते. या कृत्यामागे वर्णद्वेषाखेरीज दुसरे कारण असूच शकत नाही, असे त्यांनी १९८० साली एका मुलाखतीत सांगितले.

मंडळातून माघार

पुरावा समोर असूनही ओक्लाहोमा ए अँड एमच्या प्रशासनाने स्मिथवर कोणतीही शिस्तभंगाची कारवाई केली नाही. ड्रेकने मिसूरी व्हॅली मंडळाकडे दाद मागितली, परंतु मंडळानेही काही केले नाही. याच्या निषेधार्थ ड्रेकने मंडळाचे सदस्यत्व सोडले. ब्रॅडली विद्यापीठानेही ड्रेकच्या समर्थनार्थ तोच मार्ग पत्करला.

लहान विद्यापीठाच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. मंडळाचे सदस्यत्व म्हणजे ठरलेले प्रतिस्पर्धी, नियमित सामने आणि तिकीट विक्रीचे उत्पन्न. युद्धोत्तर काळात वाढता खर्च न पेलल्याने अनेक लहान संस्था फुटबॉल बंद करत होत्या. ड्रेक १९५६ साली अन्य खेळांसाठी मंडळात परतले, मात्र फुटबॉलसाठी परतण्यास १९७१ साल उजाडले. ब्रॅडली १९५५ साली परतले, पण फुटबॉलसाठी पुन्हा कधीच मंडळात आले नाही.

याच हंगामात कॅलिफोर्नियातही अशीच परीक्षा घडली. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले होते. परंतु ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळून हंगामोत्तर सामन्यात खेळण्यास त्या संघाने नकार दिला आणि त्याला निमंत्रण मिळाले नाही. त्या हंगामानंतर विद्यापीठाला आर्थिक ओढीमुळे फुटबॉल बंद करावा लागला. लहान संस्थांना आपल्या खेळाडूंच्या पाठीशी उभे राहण्याची कोणती किंमत मोजावी लागे, हे या दोन्ही प्रसंगांतून दिसून येते.

राष्ट्रीय पातळीवर या घटनेचा परिणाम नियमांवर झाला. चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूला अवैधरीत्या अडवण्यासंबंधीचे नियम कडक करण्यात आले. चेहऱ्याचे रक्षण करणारी जाळी असलेल्या शिरस्त्राणांचा वापरही पुढे रूढ झाला.

हंगामाची अखेर

ब्राइट यांचा जबडा तारांनी बांधून ठेवावा लागला. हंगामातील उरलेल्या तीन सामन्यांचा बहुतांश भाग त्यांना खेळता आला नाही. ड्रेकने हंगामाची सांगता सात विजय आणि दोन पराभवांनी केली. इतका खेळ हुकूनही संघाने संपूर्ण हंगामात मिळवलेल्या अंतरापैकी सुमारे ७० टक्के अंतर एकट्या ब्राइट यांचे होते. हाइझमन करंडकाच्या मतदानात ते पाचवे आले. करंडक प्रिन्स्टन विद्यापीठाच्या डिक कॅझमायर यांना मिळाला. हंगामानंतर ब्राइट ईस्ट-वेस्ट श्राइन सामना आणि हवाईतील हुला बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यांत खेळले. १९५२ साली त्यांनी ड्रेकमधून शिक्षणशास्त्रातील पदवी संपादन केली. पुढील आयुष्यात खेळानंतर त्यांच्या उपजीविकेला याच पदवीचा आधार झाला.

कॅनडातील व्यावसायिक कारकीर्द

१९५२ साली नॅशनल फुटबॉल लीगच्या निवड प्रक्रियेत फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने पहिल्याच फेरीत ब्राइट यांची निवड केली. त्या संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेला नव्हता. लीगमध्ये दक्षिणेकडून आलेले खेळाडू बरेच होते आणि त्यांच्यामध्ये आपल्याला कशी वागणूक मिळेल, याची ब्राइट यांना खात्री वाटत नव्हती. स्टिलवॉटरचा अनुभव ताजा होता. त्यामुळे त्यांनी तो प्रस्ताव नाकारला आणि पश्चिम कॅनडातील कॅल्गारी स्टँपीडर्स या संघाशी करार केला.

कॅनडातील फुटबॉल अमेरिकेतील खेळापेक्षा काहीसा वेगळा आहे. मैदान अधिक लांबरुंद असते, संघात बारा खेळाडू असतात आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चारऐवजी तीनच प्रयत्न मिळतात. या नव्या खेळाशी जुळवून घेत ब्राइट यांनी पहिल्याच वर्षी ८१५ यार्ड धावून पश्चिम विभागात पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर दुखापतींनी त्यांना ग्रासले आणि १९५४च्या हंगामात कॅल्गारीने त्यांना एडमंटन एस्किमोज या संघाकडे सोपवले. या संघाचे नाव आता एडमंटन एल्क्स असे आहे.

एडमंटनमध्ये जॅकी पार्कर, नॉर्मी क्वॉन्ग आणि रॉली माइल्स यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. या संघाने १९५४, १९५५ आणि १९५६ अशी सलग तीन वर्षे ग्रे कप हे कॅनडाचे विजेतेपद जिंकले. तिन्ही अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी माँट्रियल अल्युएट्स हाच संघ होता. १९५६च्या अंतिम सामन्यात एडमंटनने ५०-२७ असा विजय मिळवला. त्यात ब्राइट १७१ यार्ड धावले. ग्रे कपच्या अंतिम सामन्यातील हा त्या वेळचा विक्रम होता. या काळात ते चढाईत फुलबॅक म्हणून आणि बचावात लाइनबॅकर म्हणून अशी दुहेरी भूमिका बजावत असत.

१९५७ पासून चढाईचा मुख्य भार त्यांच्यावर आला. त्या वर्षी ते १,६७९ यार्ड धावले आणि सलग आठ सामन्यांत त्यांनी शंभर यार्डांचा टप्पा ओलांडला. १९५८ साली त्यांनी १,७२२ यार्ड मिळवले. १९५९ साली सलग तिसऱ्यांदा विभागात पहिला क्रमांक मिळवल्यावर त्यांना कॅनेडियन फुटबॉल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा किताब देण्यात आला. हा किताब मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९५७ ते १९६१ अशी सलग पाच वर्षे त्यांनी हंगामात एक हजाराहून अधिक यार्ड धावण्याची कामगिरी केली. १९६०च्या ग्रे कपच्या अंतिम सामन्यात मात्र एडमंटनला ओटावाकडून पराभव पत्करावा लागला.

अमेरिकेतील संघांनी या काळात त्यांच्याशी अनेकदा संपर्क साधला, पण ते परत गेले नाहीत. कॅनडातील खेळाडूंना खेळाबरोबर दुसरी नोकरीही करता येत असे आणि ब्राइट यांनी एडमंटनमध्ये शिक्षकी पेशा पत्करला होता. हे बसवलेले आयुष्य सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते. १९६२ साली त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारले.

१९६४च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. तोपर्यंत त्यांनी १,९६९ प्रयत्नांत १०,९०९ यार्ड अंतर कापले होते. दर प्रयत्नामागे ही सरासरी साडेपाच यार्डांहून अधिक भरते. तोपर्यंत कॅनडातील कोणत्याही खेळाडूने इतके अंतर धावून मिळवले नव्हते. ज्या खेळात दर डावागणिक शरीराला मार बसतो, त्या खेळात त्यांनी सलग १९७ सामने एकही न चुकवता खेळले, ही त्यांच्या कारकिर्दीतील विशेष उल्लेखनीय बाब मानली जाते.

शिक्षक आणि मुख्याध्यापक

खेळत असतानाच ब्राइट एडमंटनच्या शाळांमध्ये शिकवू लागले होते. बॉनी डून हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाबरोबर शालेय संघांना प्रशिक्षण दिले. पुढे ते डी. एस. मॅकेन्झी आणि हिलक्रेस्ट या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक झाले. सॉफ्टबॉलमध्येही ते गोलंदाज म्हणून ख्यातनाम होते आणि स्थानिक स्पर्धांतून नियमितपणे खेळत.

स्टिलवॉटरच्या घटनेबद्दल बोलताना त्यांनी ती विसरल्याचे कधी सांगितले नाही, मात्र तिचे भांडवलही केले नाही. आपला जबडा मोडल्यामुळे महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राला स्वतःकडे कठोरपणे पाहावे लागले आणि त्यातील काही अनिष्ट गोष्टी दूर झाल्या, याचे त्यांना उत्तरायुष्यात समाधान वाटत असे.

निधन

फुटबॉलमध्ये झालेल्या गुडघ्याच्या जुन्या दुखापतीवरील शस्त्रक्रियेसाठी ब्राइट डिसेंबर १९८३ मध्ये एडमंटन येथील आल्बर्टा विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाले. तेथे १४ डिसेंबर रोजी हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने त्यांचे निधन झाले. निधनसमयी त्यांचे वय ५३ वर्षे होते. त्यांच्या पश्चात पत्नी आणि चार अपत्ये होती. एडमंटनमधील माउंट प्लेझंट दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

सन्मान आणि विलंबित क्षमायाचना

ब्राइट यांना हयातीत मिळालेले मोठे सन्मान मुख्यतः कॅनडातील आणि ड्रेकमधील होते. १९६९ साली ड्रेक विद्यापीठाने त्यांना आपला आजवरचा सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू म्हणून गौरवले. त्यांचा ४३ हा क्रमांकही विद्यापीठाने कायमचा निवृत्त केला आहे. १९७० साली कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव १९८४ साली, म्हणजे मृत्यूनंतर, समाविष्ट झाले.

ओक्लाहोमा ए अँड एमचे नाव १९५७ साली ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी असे झाले. २८ सप्टेंबर २००५ रोजी या विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड श्मिडली यांनी ड्रेकचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्सवेल यांना पत्र पाठवून १९५१च्या घटनेबद्दल संस्थेतर्फे औपचारिक क्षमायाचना केली. ही क्षमायाचना घटनेनंतर ५४ वर्षांनी आली. ज्यांची क्षमा मागायची होती, त्यांना जाऊन तोपर्यंत जवळजवळ २२ वर्षे लोटली होती.

२००६ साली ड्रेकच्या स्टेडियममधील मैदानाला जॉनी ब्राइट फील्ड असे नाव देण्यात आले. ज्या हंगामात ब्राइट यांना खेळ अर्धवट सोडावा लागला, त्याच हंगामातील ड्रेकचे घरचे सामने याच स्टेडियममध्ये झाले होते. त्याच वर्षी कॅनडातील एका क्रीडा वाहिनीने निवडलेल्या लीगच्या सर्वकालीन पन्नास श्रेष्ठ खेळाडूंच्या यादीत ब्राइट एकोणिसाव्या स्थानी होते. २०१० साली एडमंटनमध्ये बालवर्गापासून नववीपर्यंतची जॉनी ब्राइट स्कूल ही शाळा सुरू झाली. २०२० साली ड्रेक विद्यापीठाने जॉन डी ब्राइट कॉलेज या नावाने दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम देणाऱ्या नव्या महाविद्यालयाची घोषणा केली. २०२१ साली त्याचे वर्ग सुरू झाले. अशा रीतीने, शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या खेळाडूचे नाव आज अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत मैदानाइतकेच वर्गखोल्यांशीही जोडले गेले आहे.